जाड टायरची सायकल

(अलीकडे आपल्या शहरांत आणि गावांत जाड टायरच्या सायकली दिसू लागल्या आहेत. मुलांना त्यांचे फार आकर्षण वाटते. ही सायकल कोठे जन्मली, ती कशासाठी तयार झाली आणि आपल्या रोजच्या वापरात ती कितपत उपयोगी पडेल, याविषयी लेखकाने या पाठात आपले मत मांडले आहे.)

गेल्या उन्हाळ्यातील गोष्ट आहे. माझ्या भाच्याने सातवीची परीक्षा दिली होती. जूनपासून तो हायस्कुलात जाणार होता. हायस्कूल घरापासून चार किलोमीटर लांब आहे. त्यामुळे त्याला सायकल घ्यायची, हे घरात ठरलेच होते. प्रश्न एवढाच होता, की कोणती सायकल घ्यायची?

एके दिवशी संध्याकाळी तो माझ्याकडे आला. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या. मग हळूच म्हणाला, "मामू, तुम्ही अब्बांशी बोला ना. तुमचे ते ऐकतात."

"काय बोलू?"

"मला जाड टायरची सायकल हवी आहे. माझ्याकडे ईदीचे पैसे जमले आहेत. बाकीचे अब्बांनी घातले, की झाले."

दुसऱ्या दिवशी मी त्याच्याबरोबर सायकलच्या दुकानात गेलो. दुकानाच्या दाराशीच ती सायकल उभी होती. टायर माझ्या मनगटापेक्षा जाड. रिमेला मोठमोठी भोके पाडलेली आणि त्यांतून लाल पट्टी दिसत होती. पाहताक्षणी नजर खिळावी, अशी ती सायकल होती, हे मला मान्य केलेच पाहिजे. मी किंमत विचारली. त्या दुकानात साध्या सायकलीची जी किंमत होती, तिच्या जवळजवळ दुप्पट किंमत या सायकलीची होती.

माझे मेहुणे मालेगावात यंत्रमागावर काम करतात. दोन सायकलींच्या किमतींतील फरक म्हणजे त्यांच्यासाठी कित्येक रात्रींच्या जादा पाळ्या. हे भाच्याला ठाऊक नव्हते, असे नाही. पण सायकलीसमोर उभे राहिल्यावर त्याला त्याची आठवण राहिली नव्हती. या वयात असे होते. आपणही लहानपणी काही वेगळे नव्हतो.

मी त्याला 'हो' म्हटले नाही आणि 'नाही'ही म्हटले नाही. मी म्हणालो, "मला आठ दिवस दे. या सायकलीची नीट माहिती करून घेतो. मग काय ते ठरवू." त्या आठ दिवसांत मी जे वाचले, जे पाहिले आणि त्यावरून माझे जे मत झाले, ते येथे सांगतो.

कोणत्याही वस्तूविषयी मत बनवायचे असेल, तर ती वस्तू कोठे आणि का जन्मली, हे आधी पाहावे. जाड टायरच्या सायकलीचे मूळ बर्फाच्या प्रदेशात आहे. अमेरिकेचे अलास्का नावाचे राज्य उत्तर ध्रुवाच्या जवळ आहे. तेथील हिवाळा फार लांब आणि फार कडक असतो. नद्या गोठतात, जमीन बर्फाखाली जाते. अशा वेळी पूर्वी कुत्र्यांनी ओढायच्या घसरगाड्यांतून माणसे प्रवास करीत. घसरगाड्या जाऊन जाऊन बर्फावर एक दाबलेली वाट तयार होई.

या वाटेवरून सायकल चालवण्याची कल्पना फार जुनी आहे. सन १९०० मध्ये एड जेसन नावाचा एक सोने शोधणारा माणूस कॅनडातील डॉसन या गावाहून अलास्कातील नोम या गावी चक्क सायकलवर गेला. युकॉन नदी गोठलेली होती. तिच्यावरील घसरगाड्यांच्या वाटेने त्याने हा लांबचा प्रवास केला. थंडी एवढी होती, की सायकलचे टायर गोठून कडक होत आणि तिच्यातील तेलही थिजत असे. त्याची सायकल साधीच होती. कडक बर्फ होता, तोवर ती चालली. पण बर्फ भुसभुशीत झाला, की बारीक चाक आत रुतते आणि स्वाराला उतरावेच लागते.

पुढे १९८७ साली अलास्कातील याच प्रकारच्या वाटांवर सायकलींची एक शर्यत सुरू झाली. तिचे नाव 'इडिटाबाइक'. शर्यतीत भाग घेणाऱ्यांना लवकरच कळून चुकले, की ताज्या बर्फात सायकल चालवण्यापेक्षा ती ढकलण्यातच जास्त वेळ जातो. मग काहीजणांनी खटपट सुरू केली. कोणी दोन रिमा शेजारी शेजारी जोडून रुंद चाक तयार केले. १९९० च्या सुमारास अलास्कातील फेअरबँक्स या शहरात सायमन रॅकोवर या कारागिराने ४४ मिलिमीटर रुंदीच्या खास रिमा तयार केल्या. त्याच दशकात अमेरिकेच्या दक्षिण भागात, न्यू मेक्सिको राज्यात, रे मोलिना नावाचा माणूस वाळवंटात सायकल चालवण्यासाठी याहूनही रुंद रिमा आणि टायर बनवत होता. एकाला बर्फाची अडचण, दुसऱ्याला वाळूची. दोघांनाही एकच उत्तर सापडले. हळूहळू या दोन प्रयत्नांची गाठ पडली. २००५ साली सर्ली या अमेरिकन कंपनीने ३.७ इंच रुंदीचे टायर असलेली 'पग्सली' नावाची सायकल बाजारात आणली. तेव्हापासून ही सायकल कारागिरांच्या कार्यशाळेतून दुकानात आली. आज चार इंच आणि त्याहूनही रुंद टायरच्या सायकली जगभर मिळतात.

आता रुंद टायरने नेमके काय साधते, ते पाहू. हे समजण्यासाठी उंटाचे उदाहरण पुरे आहे. उंट एवढा अवजड प्राणी, तरी तो वाळूत रुतत नाही. घोड्याचा खूर मात्र रुततो. याचे कारण उंटाचा तळवा रुंद आणि मऊ असतो. पाऊल टेकले, की तो पसरतो. उंटाचे वजन मोठ्या जागेवर विभागले जाते आणि वाळूच्या प्रत्येक भागावर थोडाच भार येतो. आपल्या शेतकऱ्यांनाही हे तत्त्व चांगले ठाऊक आहे. लाकडी चाकाची, लोखंडी धाव बसवलेली बैलगाडी चिखलात जितकी रुतते, तितकी टायरची गाडी रुतत नाही.

सायकलीच्या बाबतीत हा हिशेब सोपा आहे. चालवणारा आणि सायकल मिळून ७० किलो वजन आहे, असे समजा. हे सगळे वजन टायरमधील हवा तोलून धरते. हवेचा दाब जितका कमी, तितका टायर जमिनीवर अधिक पसरतो. साध्या सायकलच्या टायरमध्ये दर चौरस इंचाला ६० पाउंड दाबाची हवा भरली, तर दोन्ही चाके मिळून साधारण १७ चौरस सेंटिमीटर जागेवर टेकतात. म्हणजे एका काडेपेटीएवढी जागा! जाड टायरमध्ये फक्त १० पाउंड हवा ठेवली, तर हीच जागा सुमारे १०० चौरस सेंटिमीटर होते. म्हणजे पोस्टकार्डापेक्षा थोडीशीच लहान. काडेपेटीवर उभे राहायचे, की पोस्टकार्डावर? वाळूत कोण आधी रुतेल, हे सांगायला नकोच.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. जाड टायरची करामत त्याच्या जाडीत जितकी आहे, तितकीच त्यातील कमी हवेत आहे. बारीक टायरमध्ये १० पाउंड हवा ठेवली, तर रिम रस्त्याला लागेल आणि ट्यूब फाटेल. टायर जाड आहे, म्हणून त्यात कमी हवा चालते आणि कमी हवा आहे, म्हणून तो पसरतो. आपल्याकडील मुले मात्र जाड टायरमध्ये दगडासारखी घट्ट हवा भरून हिंडतात. असे केले, की ज्यासाठी हा टायर बनला तो गुणच नाहीसा होतो. खड्ड्यातून गेल्यावर सायकल चेंडूसारखी उडते, ते वेगळेच.

योग्य ठिकाणी मात्र या सायकलीने नवल करून दाखवले आहे. डिसेंबर २०१३ मध्ये मारिया लायरस्टॅम ही ब्रिटिश तरुणी रुंद टायरच्या तीनचाकी सायकलवरून दक्षिण ध्रुवावर पोहोचली. तिला दहा दिवसांहून थोडा अधिक वेळ लागला. त्यानंतर काही आठवड्यांनी, जानेवारी २०१४ मध्ये, डॅनियल बर्टन हा अमेरिकन गृहस्थ दुसऱ्या, अधिक लांबच्या वाटेने दोन चाकांच्या जाड टायरच्या सायकलवरून तेथे गेला. त्याने ५१ दिवसांत सुमारे १२०० किलोमीटर अंतर कापले. पृथ्वीच्या टोकावर, जेथे झाड नाही, घर नाही, रस्ता नाही, तेथे सायकल गेली! माणसाच्या जिद्दीला सलाम करावा, तसाच तो या जाड टायरलाही करावा.

पण मालेगाव म्हणजे दक्षिण ध्रुव नव्हे. आमच्या भाच्याला जायचे होते ते घरापासून शाळेपर्यंत, डांबरी रस्त्याने. वाचून झाले, तरी माझे समाधान होईना. शेवटी मी शेजारच्या एका तरुणाकडून त्याची जाड टायरची सायकल एका सकाळसाठी मागून घेतली. शुक्रवार होता. मेहुण्यांना सुट्टी होती. भाचा त्या सायकलवर, मी माझ्या जुन्या काळ्या सायकलवर आणि मेहुणे माझ्या कॅरिअरवर, असे आम्ही तिघे फजरच्या नमाजानंतर गिरणा नदीकडे निघालो.

रस्त्यावर पहिली पाच मिनिटे भाच्याचा चेहरा आनंदाने फुलला होता. जाणारे येणारे वळून पाहत होते. खड्डा आला, तरी तो बाजूला होत नव्हता; सरळ त्यातून जात होता आणि त्याला धक्काही बसत नव्हता. माझ्या कॅरिअरवर बसलेल्या मेहुण्यांना मात्र प्रत्येक खड्डा मोजावा लागत होता. पण दोन किलोमीटर झाल्यावर गंमत उलटी झाली. मी पन्नाशीचा माणूस, मागे एक माणूस बसवलेला, तरी मी पुढे आणि तेरा वर्षांचा तगडा मुलगा मागे! चढ आला, तेव्हा तो खाली उतरला. टायरचा रस्त्यावर घरघर असा आवाज येत होता आणि मुलगा घामाने भिजला होता.

असे का झाले? टायर पसरतो, म्हणजे चाक फिरताना त्याचे रबर सारखे दबते आणि पुन्हा वर येते. या दबण्यात पायांची शक्ती खर्च होते. वाळूत हा खर्च परवडतो. कारण तेथे दुसरा उपायच नसतो. सपाट रस्त्यावर मात्र तो निव्वळ तोटा आहे. दुसरे कारण वजनाचे. आपल्या जुन्या काळ्या सायकलीही काही हलक्या नसतात; त्यांचे वजन वीस किलोच्या आसपास असते. पण जाड टायरच्या सायकलीचे पुष्कळसे वजन चाकांच्या कडेला असते. दोरीला दगड बांधून फिरवून पाहा. दोरी आखूड असली, की दगड सहज फिरतो. दोरी लांब सोडली, की तोच दगड फिरवायला जड जातो. चाकाचेही तसेच आहे. दर वेळी थांबून पुन्हा निघताना हे कडेचे वजन पायांना जाणवते. भरवस्तीतून शाळेत जाताना तर किती वेळा थांबावे लागते!

आम्ही नदीवर पोहोचलो. उन्हाळ्यामुळे पात्र कोरडे होते. मी माझी सायकल वाळूत घातली. चार हातही गेली नाही. पुढचे चाक रुतले आणि मी पडता पडता वाचलो. मग मी जाड टायरमधील थोडी हवा काढली आणि भाच्याला म्हणालो, "आता तू जा." तो वाळूवरून गेला. पहिल्यांदा डगमगला, मग सावरला. पात्रात दूरवर जाऊन त्याने वळण घेतले आणि ओरडतच परत आला. त्याच्या चेहऱ्यावरचा तो आनंद मला आजही आठवतो. मेहुणे काही बोलले नाहीत. पण मुलाकडे बराच वेळ पाहत राहिले.

परत येताना मी भाच्याला विचारले, "आता तुला काय वाटते?"

तो म्हणाला, "मामू, शाळेच्या रस्त्याला ही सायकल जड आहे, हे खरे. पण प्रत्येक वस्तू काय फक्त उपयोगासाठीच घ्यायची? आवडीला काहीच किंमत नाही का?"

त्याच्या या प्रश्नाने मला विचारात पाडले. तो चुकीचे बोलत नव्हता. आवडीलाही किंमत आहे. ज्या सायकलीवर बसताना मुलाला आनंद होतो, ती सायकल तो रोज चालवील. जी त्याला आवडत नाही, ती जिन्याखाली धूळ खात पडेल आणि मुलगा मोटारसायकलसाठी हट्ट धरील. जाड टायरमुळे एखादे मूल जरी सायकलीकडे वळले, तरी मी त्या टायरचे आभार मानीन. शिवाय ज्यांना खड्ड्यांच्या, खडीच्या, चिखलाच्या वाटेने जावे लागते किंवा ज्यांना बारीक चाकावर तोल जाण्याची भीती वाटते, त्यांना ही सायकल खरोखर उपयोगी आहे. म्हणून 'जाड टायरची सायकल म्हणजे नुसता दिखावा,' असे जे मोठी माणसे म्हणतात, ते मला पटत नाही.

पण आवडीची किंमत कोणी द्यायची, हाही प्रश्न आहे. माझी आवड आणि दुसऱ्याचे कष्ट, असा सौदा असेल, तर माणसाने थांबून विचार करावा. किंमत एकदाच द्यावी लागते, असेही नाही. आमच्या मोहल्ल्यात सायकल दुरुस्तीचे एक लहानसे दुकान आहे. तेथील उस्तादांना मी विचारले. ते म्हणाले, "साध्या सायकलची ट्यूब माझ्याकडे केव्हाही मिळेल. या जाड टायरची ट्यूब शहरातून मागवावी लागते. तोवर पोराने शाळेत पायी जायचे काय?" त्यांच्या बोलण्यात वर्षानुवर्षांचा अनुभव होता. जी वस्तू आपल्या गल्लीत दुरुस्त होत नाही, ती वस्तू रोजच्या कामाला बेताचीच समजावी. आमच्या दुकानातल्या त्या सायकलीला मडगार्ड नव्हते आणि कॅरिअरही नव्हते. पावसाळ्यात चिखल पाठीवर उडणार आणि दप्तर खांद्यावर राहणार! कारखान्यातून पीठ, दळण, भाजी आणायची, तर तीही कशावर?

आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. या सायकलीवरून कोठेही जाता येते. पण जाता येते म्हणून कोठेही जावे, असे नाही. कोकणात रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास गावच्या किनाऱ्यावर समुद्री कासवे वाळूत अंडी घालतात. गावकरी ती मोठ्या काळजीने जपतात. अशा वाळूवरून चाके फिरवणे बरे नव्हे. शेतकऱ्याच्या पेरलेल्या रानातून सायकल घालणेही बरे नव्हे. टायर रुंद आहे, त्याप्रमाणे मनही रुंद असावे.

तेव्हा माझे मत असे आहे : सायकल निवडण्याआधी आपली वाट पाहावी. रोजची वाट बर्फाची, वाळूची किंवा खडीची असेल, तर जाड टायरसारखा सोबती नाही. वाट डांबरी असेल आणि अंतर रोजचे असेल, तर साधी सायकल चांगली. वाट थोडी चांगली, थोडी खराब असेल, तर दोन इंचांच्या आसपास रुंदीचा टायर मधला मार्ग ठरतो. शेजाऱ्याने काय घेतले, हे पाहून वस्तू घेणारा माणूस शेजाऱ्याच्या वाटेची सायकल घेतो आणि आपल्या वाटेवर तिला ढकलत नेतो.

मी हे सगळे भाच्याला सांगितले आणि निर्णय त्याच्यावर सोपवला. तो दोन दिवस गप्प होता. तिसऱ्या दिवशी त्याने स्वतःच अब्बांना दुकानात नेले आणि दोन इंची टायरची, मडगार्ड आणि कॅरिअर असलेली सायकल पसंत केली. ईदीच्या पैशांतून त्याने कुलूप आणि घंटी घेतली. उरलेले पैसे अम्मीकडे ठेवायला दिले.

मी गमतीने विचारले, "आता ते पैसे कशासाठी ठेवलेस?"

तो म्हणाला, "मामू, मोठा झाल्यावर मी अलास्काला जाणार आहे. तेव्हा जाड टायरची सायकल लागेलच ना!"

मी म्हणालो, "जरूर. त्या वेळी तुझ्या अब्बांशी मी स्वतः बोलेन."

स्वाध्याय

१. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) जाड टायरची सायकल कोणत्या अडचणीतून जन्माला आली?
(आ) उंट वाळूत का रुतत नाही?
(इ) जाड टायरमध्ये घट्ट हवा भरली, तर काय होते?

२. 'आवडीला काहीच किंमत नाही का?' या भाच्याच्या प्रश्नाला लेखकाने दिलेले उत्तर तुम्हाला पटते का? आपले मत कारणांसह लिहा.

३. तुमच्या घरापासून शाळेपर्यंतच्या वाटेचे वर्णन आठ ते दहा ओळींत करा. त्या वाटेसाठी तुम्ही कोणती सायकल निवडाल, ते सांगा.